सिलिका नॅनोकणांतले अणुदोष ईएसआरवर कसे पाहावेत: गोव्यात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

ईएसआर यंत्रात कुठलीही पांढरी पूड घाला, कुठली ना कुठली रेघ येतेच. ती तुमच्या सिलिकाची, नळीच्या काचेची, की खिडकीतून आत आलेल्या जांभ्याच्या धुळीतल्या लोहाची, हे ठरवण्यातच या विषयाचं निम्मं काम जातं. इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स (ईएसआर) हे तंत्र फार संवेदनशील आहे आणि नवशिक्याला नेमकं तेच नडतं.

ताळगाव पठारावर, जुआरीनगरला किंवा फर्मागुडीला एम.एस्सी.चा प्रकल्प नाहीतर पीएच.डी.चं पहिलं वर्ष सुरू केलेल्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. रसायनशास्त्रातून आला असाल किंवा भौतिकशास्त्रातून, फरक पडत नाही. सुरुवातीला गणित थोडंसंच लागतं, पण वही आणि संशय दोन्ही भरपूर लागतात.

आधी शोधायचं काय ते ठरवा

सिलिकाच्या जाळ्यात प्रत्येक सिलिकॉनला चार ऑक्सिजन आणि प्रत्येक ऑक्सिजनला दोन सिलिकॉन जोडलेले असतात. सगळे इलेक्ट्रॉन जोडीजोडीने असल्यामुळे निर्दोष सिलिका ईएसआरला दिसतच नाही. एखादा बंध तुटून इलेक्ट्रॉन एकटा उरला की चुंबकक्षेत्रात त्याच्या दोन ऊर्जापातळ्या होतात, आणि त्या फरकाइतक्या ऊर्जेचे मायक्रोवेव्ह मिळाले की शोषण होतं. येव्गेनी झावोइस्की यांनी १९४४ साली कझानला हे शोषण पहिल्यांदा पाहिलं.

सिलिकात तुम्हाला मुख्यतः तीन दोष भेटतील. पहिला ई-प्राइम केंद्र: सिलिकॉनला तीनच ऑक्सिजन उरलेले आणि चौथ्या दिशेला एकटा इलेक्ट्रॉन. रॉबर्ट वीक्स यांनी १९५६ साली किरणोत्सर्ग दिलेल्या क्वार्ट्झमध्ये तो दाखवला. काचरूप सिलिकात त्याची तीन जी-मूल्यं (जी म्हणजे मायक्रोवेव्हची वारंवारिता आणि चुंबकक्षेत्र यांच्या गुणोत्तरातून निघणारा, दोष ओळखायचा आकडा) २.००१८, २.०००६ आणि २.०००३ अशी येतात, म्हणजे सगळी रेघ फार अरुंद. दुसरा, एकाच सिलिकॉनला जोडलेल्या ऑक्सिजनवरचा एकटा इलेक्ट्रॉन. इंग्रजी संक्षेपावरून त्याला सगळे एनबीओएचसी म्हणतात. त्याची मूल्यं २.००१०, २.००९५ आणि २.०७८ च्या आसपास. तिसरा पेरॉक्सी रॅडिकल: सिलिकॉनला लागून दोन ऑक्सिजन आणि शेवटच्या ऑक्सिजनकडे एकटा इलेक्ट्रॉन, मूल्यं साधारण २.००१८, २.००७८ आणि २.०६७. शेवटच्या दोघांची शेपूट कमी क्षेत्राकडे लांबवर पसरते आणि एकमेकांत मिसळते. त्यांना वेगळं करणं कटकटीचं असतं. पहिल्या वर्षी त्या भानगडीत पडू नका, ई-प्राइम नीट हाताळायला शिका.

ईएसआरला काय दिसत नाही तेही आताच लिहून ठेवा. एक ऑक्सिजन निघून गेला आणि शेजारचे दोन सिलिकॉन एकमेकांना जोडले गेले, तर तो दोषच आहे. पण इलेक्ट्रॉन जोडीत, म्हणून यंत्र गप्प. पृष्ठभागावरचे सिलॅनॉल गटही (सिलिकॉनला जोडलेले ओएच) दिसत नाहीत. त्यामुळे "रेघ आली नाही, म्हणजे नमुना निर्दोष" असं वाक्य अहवालात कधी लिहू नका.

यंत्राकडे जाण्याआधी कागदावर एक हिशेब

हा हिशेब फारसं कोणी करत नाही, आणि केला तर अर्धे गैरसमज तिथेच मिटतात. २० नॅनोमीटर व्यासाचा कण घ्या. सिलिकाची घनता २.२ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर धरली तर एका कणाचं वस्तुमान सुमारे ९.२ गुणिले दहाचा उणे अठरावा घात ग्रॅम भरतं. त्यात सिलिकाची सुमारे ९२ हजार एककं बसतात. एका ग्रॅममध्ये असे कण होतात दहाच्या सतराव्या घाताहून किंचित जास्त.

समजा तुमच्या नमुन्यात दर ग्रॅमला दहाचा सोळावा घात इतके ई-प्राइम आहेत. ईएसआरच्या दृष्टीने हा आकडा चांगला भरघोस आहे, आणि तरीही त्याचा अर्थ दहा-अकरा कणांमागे एका कणात एक दोष, बाकीचे कण रिकामे. "प्रत्येक नॅनोकण दोषांनी भरलेला आहे" हे वाक्य परिसंवादात नेहमी कानावर येतं. ते ऐकलं की वही उघडून हा भागाकार करून पाहा.

याच कणाचा पृष्ठभाग सुमारे १२५० चौरस नॅनोमीटर. पूर्ण जलयुक्त सिलिकावर दर चौरस नॅनोमीटरला पाचेक सिलॅनॉल असतात, म्हणजे एका कणावर सहा हजारांच्या घरात. सहा हजार सिलॅनॉल आणि दहा कणांत मिळून एक ई-प्राइम, हे प्रमाण लक्षात ठेवलं तर पुढे ओलाव्याला इतकं महत्त्व का दिलं आहे ते आपोआप कळेल.

नमुना: बनवा किंवा विकत घ्या, पण स्वच्छ ठेवा

प्रयोगशाळेत बनवायचे तर श्टोबर पद्धत सगळ्यात सोयीची. श्टोबर, फिंक आणि बोन यांनी ती १९६८ साली मांडली. ५० मिलिलिटर शुद्ध इथेनॉल, ३ मिलिलिटर तीव्र अमोनिया द्रावण, ढवळत ढवळत १.५ मिलिलिटर टीईओएस (टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट, ज्यातून सिलिका तयार होते), आणि मग रात्रभर ढवळणं. यातून साधारण १०० नॅनोमीटरच्या आसपासचे कण मिळतात. अमोनिया आणि पाणी वाढवलं की कण मोठे होतात. तापमानाचाही आकारावर परिणाम होतो, म्हणून मे महिन्यातल्या दुपारी केलेली तुकडी आणि डिसेंबरच्या सकाळी केलेली तुकडी सारखी निघेल असं धरून चालू नका. पाण्याचं बाथ वापरा.

श्टोबर कणांची अडचण म्हणजे कार्बन. न सुटलेले इथॉक्सी गट आत राहतात. ते कमी ऑक्सिजनात तापले की कार्बनचे रॅडिकल तयार होतात आणि २.००३ च्या जवळ एक गोंडस रेघ देतात. ही रेघ ई-प्राइम म्हणून खपवलेली पाहिली आहे. कण इथेनॉलने आणि पाण्याने सेंट्रिफ्यूजमध्ये अनेकदा धुवा. मग हवेचा झोत चालू असलेल्या भट्टीत हळूहळू ५५० ते ६०० अंशांपर्यंत न्या आणि काही तास ठेवा. पूड राखाडी किंवा तपकिरी दिसली तर ती ईएसआरला नेऊच नका.

बाजारात मिळणारी फ्यूम्ड (ज्योतीत बनवलेली) सिलिका कार्बनपासून बरीच मुक्त असते, पण ती भलतीच हलकी. ४ मिलिमीटर बाह्य व्यासाच्या नळीत कॅव्हिटीच्या (यंत्रातल्या नमुना ठेवायच्या मायक्रोवेव्ह पोकळीच्या) उपयोगी उंचीपुरती भरली तर जेमतेम सात-आठ मिलिग्रॅम मावते. ती पाण्यात भिजवून, वाळवून, तिचे खडे हलक्या हाताने मोडले तर कितीतरी जास्त पूड बसते. पोलादी साच्यात दाबून गोळी करण्याचा मोह टाळा, दाबाने नवे दोष होतात आणि साच्याचं लोह पुडीला लागतं.

लोहाबद्दल आपल्याकडे जरा जास्तच बोलायला हवं. गोव्याची माती जांभ्याची. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या पट्ट्यात खनिजवाहू ट्रकांची लाल धूळ घराघरांत बसलेली असते, आणि प्रयोगशाळेच्या खिडक्या त्याला अपवाद नाहीत. काचेत विखुरलेलं तीन धनभाराचं लोह ४.३ च्या जी-मूल्यावर रेघ देतं. लोहाच्या ऑक्साइडचे बारीक कण असले तर २ च्या आसपास एवढी रुंद लाट येते की तुमची अरुंद रेघ एका उतारावर बसल्यासारखी दिसते. म्हणून पोलादी चमचा नको, प्लास्टिकचा किंवा टेफ्लॉनचा घ्या. पूड उघडी ठेवून पंख्याखाली वाळवू नका. काचसामान सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून, भरपूर शुद्ध पाण्याने धुऊन वापरा.

दरवर्षी कुणीतरी मिरामार किंवा कळंगुटची वाळू दळून "स्थानिक सिलिका" म्हणून घेऊन येतो. त्या वाळूत शिंपल्यांचा चुना असतो, काळी लोहखनिजं असतात, आणि मँगनीजच्या सहा रेघाही अनेकदा दिसतात. भूगर्भशास्त्राचा प्रकल्प म्हणून ती उत्तम. क्वार्ट्झमधल्या अशाच दोषांवरून गाळाचं वय काढणारी शाखाच आहे. सिलिकातले दोष शिकायला मात्र ती वाळू घेऊ नका.

पावसाळा

पाणी मायक्रोवेव्ह शोषतं. ओल्या सिलिकाने कॅव्हिटीचा क्यू (मायक्रोवेव्ह साठवून धरण्याची क्षमता) घसरतो, यंत्र नीट ट्यून होत नाही, आणि दोन दिवसांच्या अंतराने घेतलेल्या मापनांची तुलनाच करता येत नाही. जूनमध्ये पाऊस लागला की आपल्याकडे हवेत एवढी आर्द्रता असते की नॅनोसिलिका उघडी ठेवली तर तासाभरात वजन वाढलेलं तराजूवर दिसतं. मापनाआधी ११० ते १२० अंशांवर, शक्यतो निर्वातात, काही तास वाळवा आणि गरम असतानाच नळीत भरून बूच लावा.

वाळवणं नेहमी दोष तयार करण्याआधी. किरणोत्सर्ग दिल्यावर पूड पुन्हा ओव्हनमध्ये टाकली तर ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला त्या दोषांपैकी बरेच तिथेच विझतात. नॅनोकणांत हे जास्त होतं. पृष्ठभाग जवळ असल्यामुळे पाणी, हायड्रोजन, ऑक्सिजन यांचे रेणू दोषापर्यंत लवकर पोहोचतात.

डेसिकेटरमधले निळे मणी कोबाल्ट क्लोराइडने रंगवलेले असतात आणि कोबाल्टही चुंबकीय आहे. मण्यांचा चुरा नमुन्याच्या बाटलीत उडू देऊ नका.

दोष तयार करणं

नुसत्या बनवलेल्या सिलिकात बहुतेकदा काहीच दिसत नाही. नवखा विद्यार्थी इथे निराश होतो, पण रिकामा आलेख ही चांगली बातमी आहे: पार्श्वभूमी स्वच्छ आहे. आता दोष आणा.

गॅमा किरण हा सगळ्यात मोजता येण्यासारखा मार्ग. कोबाल्ट-६० चं गॅमा चेंबर असलेल्या संस्थेकडे पुडीच्या बाटल्या पाठवा आणि किमान तीन-चार वेगवेगळ्या मात्रा मागा, उदाहरणार्थ १०, ५०, १०० आणि ५०० किलोग्रे. एकाच मात्रेच्या नमुन्यावरून काही सांगता येत नाही. मात्रेबरोबर रेघ वाढते का, आणि कुठे थबकते, यातून माहिती मिळते. अतिनील लेसरनेही ई-प्राइम तयार होतात, पण प्रकाश पुडीत कुठवर शिरला हे सांगणं कठीण.

तिसरा मार्ग दळण्याचा. सिलिका दळली की बंध तुटतात आणि ताज्या पृष्ठभागावर ई-प्राइम आणि एनबीओएचसी दोन्ही तयार होतात. हवेत दळलं तर ऑक्सिजन लगेच ई-प्राइमवर बसतो आणि पेरॉक्सी रॅडिकल होतो. ई-प्राइम पाहायचे असतील तर आर्गॉनमध्ये किंवा निर्वातात दळा. बहुतेक प्रयोगशाळांत यासाठी अगेटचा खल असतो, आणि अगेट म्हणजेही सिलिका. खलातून सुटलेला चुरा त्याच रेघा देणार. झिर्कोनियाचा खल मिळाला तर बरं. नाहीतर दळण्याचा मार्ग सोडून द्या आणि गॅमाकडे जा.

नळी

तुम्ही सिलिका मोजणार आहात आणि ती ठेवणार आहात सिलिकाच्याच नळीत. या विषयातला सगळ्यात जुना सापळा हाच. क्वार्ट्झ नळी किरणोत्सर्ग न दिलेली असली तर तिचा सिग्नल क्षीण असतो. पुडीसकट नळीला गॅमा दिलात, तर नळीचा ई-प्राइम पुडीच्या ई-प्राइमवर बसेल आणि जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर ते दोन वेगळे करून देणार नाही.

सोपा उपाय असा: किरणोत्सर्ग प्लास्टिकच्या बाटलीत द्या आणि नंतर पूड स्वच्छ नळीत ओता. नमुना हवा न लागता बंदच ठेवायचा असेल तर लांब नळी घ्या, पूड एका टोकाला ठेवून नळी सील करा, किरणोत्सर्ग द्या. मग पुडीचं टोक थंड ठेवून रिकामं टोक ज्योतीवर लालबुंद करा; त्या टोकाच्या काचेतले दोष जळून जातात. नळी निवली की उलटी करून पूड त्या टोकात सरकवा आणि तेच टोक कॅव्हिटीत घाला. काच वितळवण्याचा हात नसेल तर हे काम जाणत्या माणसाकडून करून घ्या.

प्रत्येक सत्रात तीन मापनं ठरलेली: रिकामी कॅव्हिटी, रिकामी नळी, आणि किरणोत्सर्ग न दिलेली पूड त्याच नळीत. ही तीन नसतील तर चौथ्याला किंमत नाही.

यंत्रापर्यंत

आपल्या संस्थेत सोय नसेल तर मुंबईच्या आयआयटीतलं किंवा चेन्नईच्या आयआयटीतलं अत्याधुनिक उपकरण केंद्र आहे. आय-स्टेम पोर्टलवरही देशभरातली उपकरणं शोधता येतात. अर्ज करताना "ईएसआर स्पेक्ट्रम हवा" एवढंच लिहिलंत तर चालकाच्या सवयीच्या सेटिंगवर घेतलेला एक आलेख हाती येईल, आणि त्या सेटिंगवर ई-प्राइम हमखास बिघडलेला दिसतो. काय हवं ते स्पष्ट लिहा, आणि शक्य असेल तर स्वतः जा. मडगावहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठता येते.

नमुने बनवण्याचं वेळापत्रक यंत्राच्या तारखेवरून उलटं मोजा. चवथीच्या सुट्टीआधी किरणोत्सर्ग द्यायचा आणि परतल्यावर मोजायचं, असं केलंत तर मधल्या दिवसांत किती दोष विझले हे कळायला मार्ग उरत नाही. खोलीच्या तापमानाला ई-प्राइम बऱ्यापैकी टिकतो, एनबीओएचसी त्यामानाने लवकर जातो, आणि सुटे हायड्रोजन अणू तर द्रव नायट्रोजनच्या थंडीतच पकडावे लागतात. किरणोत्सर्गाची आणि मापनाची तारीखवेळ प्रत्येक बाटलीवर हवी.

मोजताना

बहुतेक यंत्रं एक्स-बँडची, म्हणजे ९.५ गिगाहर्ट्झच्या आसपासची. एक सूत्र वहीच्या पहिल्या पानावर लिहा: जी बरोबर ७१.४४८ गुणिले वारंवारिता गिगाहर्ट्झमध्ये, भागिले क्षेत्र मिलिटेस्लात. ९.५०० गिगाहर्ट्झला ई-प्राइम ३३९.१ ते ३३९.३ मिलिटेस्लावर येतो, म्हणजे सगळी रचना पाव मिलिटेस्लात आटोपते. कार्बनची २.००३ ची रेघ येते ३३८.९ वर. दोघांत अंतर फक्त ०.२ ते ०.५ मिलिटेस्लाचं. वारंवारितेत ०.०१ गिगाहर्ट्झची चूक केलीत तर रेघ ०.३६ मिलिटेस्लाने सरकते, आणि कार्बनचा ई-प्राइम होतो.

म्हणून वारंवारिता काउंटरवरून तिसऱ्या-चौथ्या दशांशापर्यंत, प्रत्येक आलेखाबरोबर नोंदवा, आणि क्षेत्रासाठी खुणेचा पदार्थ वापरा. डीपीपीएच पूड २.००३६ ला येते. ती सगळीकडे मिळते, पण कार्बनच्या रेघेच्या फार जवळ पडते, म्हणून ती वेगळी मोजा. मॅग्नेशियम ऑक्साइडमधलं क्रोमियम १.९८०० च्या आसपास येतं आणि आपल्या रेघांपासून दूर असल्याने नमुन्याबरोबरच ठेवता येतं. यंत्र सुरू करून निदान तासभर तापू द्या. वीज लपंडाव खेळत असेल त्या दिवशी जी-मूल्यं काढण्याच्या फंदात पडू नका.

पहिला आलेख रुंद घ्या, शून्याजवळून ५०० मिलिटेस्लापर्यंत. यात ४.३ चं लोह १५८ मिलिटेस्लाच्या आसपास दिसेल, मँगनीज असेल तर सहा दात दिसतील. मग ३२० ते ३४५, आणि शेवटी ई-प्राइमसाठी फक्त दोन-तीन मिलिटेस्लाची खिडकी.

मॉड्युलेशनचा (मोजताना क्षेत्र किती मागेपुढे हलवलं जातं त्याचा) आकडा रेघेच्या रुंदीपेक्षा बराच लहान हवा. ई-प्राइमला ०.०१ मिलिटेस्ला योग्य. ०.१ ठेवलात तर रेघ उंच दिसते, सगळे खूश होतात, आणि तिन्ही जी-मूल्यं एका गोळ्यात विरघळतात.

आता पॉवर. ई-प्राइमचा इलेक्ट्रॉन घेतलेली ऊर्जा जाळ्याला फार सावकाश परत देतो. मायक्रोवेव्ह जास्त दिले की खालची आणि वरची पातळी जवळपास सारखी भरते आणि शोषणच थांबतं. पॉवर वाढवली की सिग्नल वाढायला हवा असा आपला समज असतो. इथे वाढवली की आधी रेघ वेडीवाकडी होते, मग घटते. खोलीच्या तापमानाला हे मिलिवॉटच्या कितीतरी खाली सुरू होतं. मोजणीसाठी मायक्रोवॉटच्या घरात उतरावं लागतं. एनबीओएचसी आणि पेरॉक्सी यांना मात्र मिलिवॉट चालतात, आणि एनबीओएचसीची लांब शेपूट ७७ केल्विनला जास्त चांगली दिसते.

याचा उलट फायदाही घ्या. पॉवर एकेका टप्प्याने वाढवत आठ-दहा आलेख घ्या, आणि रेघेची उंची पॉवरच्या वर्गमुळासमोर मांडा. सुरुवातीला सरळ रेषा येते; जिथे ती वाकते तिथे संपृक्तता सुरू. कार्बनच्या रेघेचं वाकणं सहसा वेगळ्या पॉवरला असतं. माझ्या मते हा एक आलेख जी-मूल्यांच्या चार दशांशांपेक्षा जास्त भरवशाचा पुरावा आहे, आणि तरी प्रबंधांत तो क्वचितच दिसतो. रेघ वर-खाली अशा दोन टोकांऐवजी एकाच बाजूला फुगलेली दिसली तर आधी पॉवर कमी करा, अर्थ नंतर लावा.

ओळख पक्की करणं

सगळ्यात ठाम पुरावा सिलिकॉन-२९ देतो. निसर्गातल्या सिलिकॉनपैकी ४.७ टक्के अणू या समस्थानिकाचे असतात आणि त्यांच्या केंद्रकालाही स्पिन आहे. एकटा इलेक्ट्रॉन अशा सिलिकॉनवर बसला की रेघ दुभंगते. ई-प्राइममध्ये या दोन रेघांतलं अंतर साधारण ४२ मिलिटेस्ला, म्हणजे मुख्य रेघेच्या दोन्ही बाजूंना सुमारे वीस-एकवीस. त्या क्षीण आणि रुंद असतात. त्यांच्यासाठी पॉवर आणि मॉड्युलेशन वाढवून तासन्‌तास आलेख एकावर एक जमवावे लागतात. पण दिसल्या की वाद संपला: कार्बनला किंवा नळीवरच्या मळाला असा जोड देता येत नाही. क्षीण नमुन्यात ही जोडी मिळणार नाही; तेव्हा निदान सगळ्यात जास्त मात्रेच्या नमुन्यात ती शोधा. मध्येच ७.४ मिलिटेस्ला अंतराची जोडी दिसली तर ती हायड्रोजन जवळ असलेल्या सिलिकॉनची, आणि तीही उपयोगाची माहिती आहे.

मोजणी

किती दोष आहेत हे काढायला आलेखाचं (तो शोषणाचा नव्हे, त्याच्या उताराचा असल्यामुळे) दोनदा समाकलन करतात आणि माहीत असलेल्या नमुन्याशी ताडून पाहतात. कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेटच्या १ मिलिग्रॅममध्ये २.४१ गुणिले दहाचा अठरावा घात इतके स्पिन, डीपीपीएचच्या १ मिलिग्रॅममध्ये साधारण १.५ गुणिले दहाचा अठरावा घात. डीपीपीएच जुनं झालं की आकडा खाली येतो. दोन्ही पोटॅशियम क्लोराइडमध्ये खलून पातळ करा. नळी तीच, भरल्याची उंची तीच, क्यू शक्य तितका जवळचा, आणि पॉवर दोघांच्याही सरळ रेषेच्या भागातली. समाकलनाआधी पायाची रेषा नीट वजा झाली नाही तर दुसऱ्या समाकलनात ती चूक डोंगराएवढी होते. एवढं करूनही वीस-तीस टक्क्यांची अनिश्चितता राहते. तीन दशांशांपर्यंत छापलेला आकडा पाहिला की परीक्षकाने भुवई उंचावलीच पाहिजे.

दोष पृष्ठभागावर की पोटात?

नॅनोकणांवर काम करण्याचं कारणच हा प्रश्न आहे, म्हणून वेळ वाचवून इथे घालवा.

एक मार्ग आकारांचा. एकाच पद्धतीने बनवलेले, म्हणा ५०, १०० आणि ३०० नॅनोमीटरचे कण घ्या, सारखी मात्रा द्या, आणि दर ग्रॅमचे दोष काढा. दोष पृष्ठभागावर असतील तर दर ग्रॅमचा आकडा व्यासाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. पोटात असतील तर जवळपास तोच राहतो. बहुतेकदा उत्तर मधलंच कुठेतरी येतं, कारण श्टोबर कण आतून पूर्ण भरीव नसतात आणि सूक्ष्म छिद्रांच्या भिंतीही पृष्ठभागच असतात. छिद्रांचं माप हाती नसेल तर या आलेखावरून मोठे दावे करू नका.

दुसरा मार्ग वायूचा. निर्वातात मोजा, मग थोडा ऑक्सिजन सोडून पुन्हा मोजा. पृष्ठभागावरचे ई-प्राइम पेरॉक्सी होऊन नाहीसे होतात आणि २.०६७ कडे नवी शेपूट उगवते. पोटातले ई-प्राइम तेवढ्या वेळात जागचे हलत नाहीत. ऑक्सिजनचा रेणू स्वतः चुंबकीय असल्यामुळे नुसत्या शेजारानेही रेघ रुंद होऊ शकते. म्हणून तिसरं मापन पुन्हा निर्वातात घ्या. रेघ परत आली तर ते नुसतं रुंदावणं होतं. आली नाही तर रासायनिक बदल.

तिसरा मार्ग तापवण्याचा. ५०-५० अंशांच्या पायऱ्यांनी, प्रत्येक पायरीवर ठरलेली मिनिटं, आणि दर वेळी खोलीच्या तापमानाला आणून मोजायचं. प्रत्येक पायरीनंतर पूड तीच, नळी तीच. मोठ्या काचेच्या तुकड्यात ई-प्राइम काही शे अंशांपर्यंत तग धरतात. नॅनोकणांत ते त्याआधीच घटायला लागले तर बाहेरून आत येणाऱ्या रेणूंचा संशय घ्या, आणि तीच मालिका निर्वातात बंद केलेल्या नळीत पुन्हा करून बघा. दोन्ही मालिका एकाच आलेखावर काढा, प्रत्येक बिंदूला त्याची अनिश्चितता दाखवा, आणि कच्च्या फायली वारंवारितेच्या नोंदीसकट जपून ठेवा. पुढच्या वर्षी येणारा विद्यार्थी पहिल्यांदा त्याच मागेल.